कचेरीतील नेतृत्व : खुर्ची आणि कान



कामाच्या ठिकाणी खरा नेता कोणाला म्हणावे, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी संस्थेची आज्ञा झाली. आम्ही काही व्यवस्थापनशास्त्राचे जाणकार नाही. कला शाखेची पदवी घेतली, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आजही काउंटरवरच बसतो. तेव्हा नेतृत्वाच्या विषयावर कारकुनाने काय सांगावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु घर कोठे गळते हे घर बांधणाऱ्यापेक्षा त्यात झोपणाऱ्याला अधिक ठाऊक असते. सरकारी बँकेत अधिकाऱ्यांच्या बदल्या साधारणपणे दर दोन-तीन वर्षांनी होतात. कारकून मात्र त्याच परिसरात बराच काळ राहतो. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या डोळ्यांसमोरून सात-आठ शाखाधिकारी येतात आणि जातात. शाखा तीच, माणसे तीच, संगणक तेच, ग्राहकही तेच. तरीही एका साहेबांच्या काळात सायंकाळी सहा वाजता हसत घरी जाणारी माणसे दुसऱ्या साहेबांच्या काळात रात्री आठ वाजता कपाळाला आठ्या घालून बाहेर पडतात. बाकी काहीच बदललेले नसताना एवढा फरक कशामुळे पडतो, या एकाच प्रश्नाचा विचार आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

प्रथम काही प्रचलित समजुती पाहू. पुष्कळांना वाटते की, ज्याचा दरारा मोठा तो साहेब मोठा. तो केबिनमधून बाहेर आला की सर्वांच्या माना खाली जातात, शाखेत टाचणी पडली तरी आवाज यावा अशी शांतता होते, आणि लोक म्हणतात, काय शिस्त आहे! दुसरी समजूत अशी की, ज्याला सर्वांत जास्त कळते तो उत्तम नेता. ज्ञान पाहिजेच, त्याविषयी वाद नाही. परंतु संगणकावर सर्व शाखा एकत्र जोडल्या गेल्यापासून कामाचे इतके प्रकार झाले आहेत की, कर्ज, परकीय चलन, विमा, पेन्शन आणि मोबाइलवरील व्यवहार या सर्वांत एकच माणूस पारंगत असणे शक्य राहिलेले नाही. तिसरी समजूत गोड बोलण्याची. सर्वांच्या पाठीवर हात ठेवणारे, वाढदिवसाला केक कापणारे साहेब सर्वांना आवडतात. पण रजेचा किंवा कामवाटपाचा प्रश्न आला की तेच साहेब तोंडपुज्याला हलकी सीट देतात आणि मुक्याला वर्षभर कॅशवर बसवितात. असे झाले की केकची चव फार दिवस टिकत नाही.

दरारा, ज्ञान आणि गोडवा या तिन्ही गोष्टींना आपापली जागा आहे. परंतु आमच्या मते कचेरीतील नेत्याची खरी परीक्षा वेगळीच आहे. त्याच्या हाताखालच्या सर्वांत लहान माणसाला त्याच्याकडे वाईट बातमी घेऊन जाण्यास किती वेळ लागतो, ही ती परीक्षा. चांगली बातमी सांगावयास माणसे धावतच जातात. ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण झाले हे सांगण्यासाठी दोघे एकाच वेळी केबिनच्या दारात अडकतात. परंतु रोकड कमी भरली, चुकीच्या खात्यात रक्कम जमा झाली, एखाद्या कर्जदाराची कागदपत्रे संशयास्पद वाटतात, ही बातमी केबिनपर्यंत पाच मिनिटांत जाते, पाच दिवसांत जाते की कधीच जात नाही, यावरून त्या खुर्चीत कोण बसले आहे ते ओळखावे.

एक उदाहरण सांगतो. बँकेत शंभर नोटांचे एक पॅकेट आणि दहा पॅकेटांचे एक बंडल होते. दिवसभर आलेली आणि गेलेली रोकड सायंकाळी पुस्तकाशी जुळावी लागते. जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, म्हणजे कोणा एकट्याने ती उघडू नये. रोकड कमी भरली तर ती भरून देण्याची जबाबदारी रोखपालावर येते. जास्त भरली तरी ती खिशात घालता येत नाही, त्याच दिवशी हिशेबात दाखवावी लागते. हा नियम सर्वांना ठाऊक असतो.

एका शाखेत एक साहेब होते. रोकड कमी पडली असे कोणी सांगितले की ते ग्राहकांच्या देखत ओरडत. घरी लक्ष, कामात लक्ष नाही, पगार कशाचा घेता, अशी सरबत्ती होई. परिणाम असा झाला की, रोकड कमी पडल्याची एकही तक्रार त्यांच्या कानावर येईनाशी झाली. वरिष्ठांना वाटले, काय चोख शाखा आहे! खरी गोष्ट निराळी होती. कॅशवर पाळीपाळीने बसणारे कर्मचारी कधी पाचशे, कधी हजार रुपये मुकाट्याने खिशातून भरीत होते. प्रत्येकाला वाटे की, चूक आपलीच. आणि ती दुसऱ्याला सांगण्याचीही लाज वाटे. नव्याने लागलेल्या एका मुलाने तर पहिल्या तीन महिन्यांच्या पगारातून बरीच रक्कम अशी घातली आणि घरी मात्र पगारच कमी आहे असे सांगितले.

पुढे त्या साहेबांची बदली झाली आणि एक बाई शाखाधिकारी म्हणून आल्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी सर्वांना बोलावून सांगितले, “कॅश कमी पडो की जास्त, मला त्याच वेळी सांगा. कोणामुळे झाले ते नंतर पाहू, कसे झाले ते आधी पाहू.” पहिले आठ दिवस कोणी विश्वास ठेवला नाही. नंतर एकाने धीर करून पाचशे रुपये कमी असल्याचे सांगितले. बाईंनी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसून पुन्हा सर्व नोटा मोजल्या, व्हाउचर तपासली आणि एका वहीत तारीख, वेळ, नोटांचा प्रकार व सीट यांची नोंद केली. ते पाहून दुसरा बोलला, तिसरा बोलला. पंधरा दिवसांत वहीत चार नोंदी झाल्या आणि त्या चारही नोंदींत नोटा मोजण्याचे यंत्र एकच निघाले. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाने उघडून पाहिले तेव्हा आतली रबराची चाके झिजलेली आढळली. एकमेकींना चिकटलेल्या नोटा त्या यंत्रातून अधूनमधून चुकीच्या मोजल्या जात होत्या. चाके बदलली आणि तो त्रास थांबला.

मित्रहो, या गोष्टीत कोणी मोठा पराक्रम केलेला नाही. ज्यांच्या काळात ‘एकही चूक नाही’ असे कागदावर दिसत होते, त्या काळात यंत्र बिघडलेलेच होते आणि गरीब माणसांच्या पगारातून त्याची किंमत जात होती. बाईंच्या काळात चार चुका वहीत आल्या म्हणूनच दोष सापडला. जेथे चुका सांगितल्या जात नाहीत तेथे चुका होत नाहीत, असे समजणारा अधिकारी झाकलेल्या विहिरीवर चालत असतो.

अशीच एक रबराची गोष्ट साऱ्या जगाने पाहिली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच नष्ट झाले आणि आतील सातही जणांचा अंत झाला. यानाला जोडलेल्या रॉकेटच्या सांध्यांत रबराची वलये होती. कडाक्याच्या थंडीत ही वलये सांधा नीट बंद करणार नाहीत, असे ते रॉकेट बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. दूरध्वनीवर बराच वेळ चर्चा झाली. अखेरीस कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्याच अभियंत्यांचा सल्ला बाजूला सारला. पुढे चौकशी आयोगाने असे नमूद केले की, उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत ही हरकत पोहोचलीच नव्हती. म्हणजे ज्ञान होते, धोका सांगणारी माणसेही होती. वाट मात्र मध्येच अडविली गेली आणि सात जीव गेले.

आता आपल्या देशातील एक उदाहरण पाहू. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एसएलव्ही-३’ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. ते अयशस्वी होऊन अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि इस्रोचे अध्यक्ष होते प्रा. सतीश धवन. पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास असल्याचे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला व ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत गेला. तेव्हा मात्र धवन यांनी पत्रकार परिषद घेण्यास कलामांना पुढे केले. ही आठवण कलाम यांनी पुढे अनेक सभांतून सांगितली आहे.

अपयश आपल्याकडे, यश सहकाऱ्यांकडे, एवढाच बोध बहुतेक लोक या गोष्टीतून घेतात. तो खरा आहेच. पण आम्हाला त्यात आणखी एक व्यावहारिक गोष्ट दिसते. पहिल्या अपयशानंतर दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. ज्या संस्थेत प्रमुखाने त्याच दिवशी बळीचा बकरा शोधला असता, तेथे पुढचे सहा महिने प्रत्येक जण आपापली फाइल वाचविण्यात घालविता. धवन यांनी दोष स्वतःकडे घेतल्यामुळे बाकीच्यांचे हात आणि डोके गळती शोधण्यास मोकळे राहिले. जबाबदारी अंगावर घेणे ही केवळ मनाची थोरवी नव्हे, काम लवकर होण्याचा तो एक मार्गही आहे.

आपण म्हणाल, एवढ्या मोठ्या संस्थांचे ठीक आहे. तालुक्याच्या गावातील कचेरीत याचा काय उपयोग? म्हणून पुन्हा आमच्या काउंटरकडे येतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँकांचे व्यवहार बंद होते. १० तारखेला शटर उघडण्यापूर्वीच रांग रस्त्यापर्यंत गेलेली होती. प्रारंभी चार हजार रुपयांपर्यंतच्या नोटा बदलून मिळत. मग ती मर्यादा साडेचार हजार झाली, नंतर दोन हजारांवर आली आणि २४ नोव्हेंबरनंतर काउंटरवर नोटा बदलून देणे बंदच झाले. मध्येच बोटाला शाई लावण्याचा नियम आला. १२ आणि १३ नोव्हेंबरला, शनिवार-रविवार असूनही, बँका उघड्या राहिल्या. एटीएममध्ये नव्या दोन हजारच्या नोटेचा आकार बसत नव्हता, त्यामुळे सगळा भार काउंटरवर आला. सकाळी वाचलेले परिपत्रक कधी कधी सायंकाळी जुने झालेले असे.

त्या दिवसांत दोन प्रकारचे शाखाधिकारी पाहावयास मिळाले. एक प्रकार केबिनचे दार लावून फोनवर बसणारा. बाहेर रोकड संपत आली तरी ते रांगेला सांगावयाचे काम तो कारकुनावर टाकी आणि लोकांचा संताप कारकून झेली. दुसरा प्रकार सकाळी शटरच्या आत सर्वांना उभे करून दहा मिनिटांत त्या दिवसाचा नियम वाचून दाखविणारा. आज रोकड किती आली आहे, ती साधारण किती वाजेपर्यंत पुरेल, हे तो स्वतः दारात जाऊन लोकांना सांगे. “दोन वाजेपर्यंत पैसे पुरतील, त्यापुढच्यांनी ऊन खात थांबू नये,” असे स्पष्ट सांगितल्यावर लोक चिडले, पण खोटे सांगितले म्हणून कोणी शिव्या दिल्या नाहीत. एका शाखेत शिपाईमामांनी सुचविले की, निराधार योजनेचा ‘पगार’ घेण्यास येणाऱ्या म्हाताऱ्या बाया पहाटेपासून पायरीवर बसतात, त्यांना तरुणांच्या रांगेत उभे करू नये, आत बाकावर बसवून एका खिडकीवर घ्यावे. साहेबांनी ते लगेच मान्य केले आणि सर्वांसमोर सांगितले की, ही कल्पना मामांची आहे. त्या दिवसापासून मामा शाखेतील प्रत्येक अडचण आधी ओळखू लागले. माणसाचे डोळे पूर्वीही तेच होते. पाहिलेले सांगण्यात अर्थ आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले.

खालच्या माणसाचे ऐकावयाचे म्हणजे त्याच्यावर उपकार करावयाचे, असा गैरसमज येथे होऊ नये. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी एका मेजाभोवती बसून बोलावे, ही पद्धत त्यांच्या काळात रुजली. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसाखाणींना भेट देताना ते स्वतः खाणीत उतरले आणि कामगारांचे काम व वस्ती त्यांनी पाहिली. लगेच १९४४ च्या प्रारंभी खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्यांच्याच कारकिर्दीतील प्रयत्नांचे फळ होय. दिल्लीतील कचेरीत बसूनही त्यांना अहवाल मिळाले असतेच. परंतु अहवाल वर येता येता गुळगुळीत होतो, हे त्यांच्यासारख्या प्रशासकाला सांगावयास नको होते. आणि कोणाची मर्जी असेल तरच कामगाराचे ऐकावे, असे न ठेवता त्यांनी कामगाराला बोलण्याची जागा करून दिली. चांगला साहेब आला की ऐकले जाते आणि गेला की पुन्हा मुके व्हावे लागते, ही अवस्था टाळावयाची तर ऐकण्याची रीत घालून द्यावी लागते.

अशी रीत आपल्याला नवीन नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खूसंघात ‘पवारणा’ होते, हे आपणांस ठाऊक आहे. माझ्या वागण्यात काही दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. संयुत्त निकायात तर असे आले आहे की, श्रावस्तीच्या पुब्बारामात पाचशे भिक्खूंसमोर खुद्द भगवान बुद्धांनी आपल्या वागण्या-बोलण्यात काही निंद्य आढळले काय, असे विचारले. ज्यांच्याविषयी कोणाला शंका नव्हती त्यांनीही विचारले, तेथे तुमच्या-आमच्या शाखाधिकाऱ्याला कसला कमीपणा?

आता विद्यार्थ्यांसाठी काही रोखठोक गोष्टी सांगतो. आपल्यापैकी अनेक जण बँकेच्या, रेल्वेच्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देत आहेत. उद्या आपण अधिकारी व्हाल. त्या वेळी बैठकीत आपले मत प्रथम सांगू नका. साहेब बोलले की बाकीच्यांच्या माना आपोआप हलू लागतात. सर्वांत कनिष्ठाला आधी बोलू द्या, मग चढत्या क्रमाने वर या आणि आपण शेवटी बोला. चूक झाली तर ‘कोणी केले’ याआधी ‘काय झाले’ हे विचारा. रागवावयाचे असेल तर दार लावून रागवा, कौतुक मात्र काउंटरवर येऊन करा. रजा आणि अवघड सीट यांची पाळी कागदावर लिहून भिंतीवर लावा, म्हणजे कोणाला आपल्या मागे-पुढे करावे लागणार नाही. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘मला दाखवा’ असे म्हणण्यास लाजू नका. साहेबाने एकदा असे म्हटले की शाखेतील दहा जणांची न विचारलेली शंका बाहेर येते.

ऐकणे म्हणजे सर्व काही पोटात घालणे नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. चूक आणि लबाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेबात चुकलेल्याला धीर द्यावा. पण ग्राहकाच्या खात्यातून पैसे काढणाऱ्याला किंवा खोट्या कागदांवर कर्ज मंजूर करणाऱ्याला पाठीशी घालणे हा बाकीच्या प्रामाणिक माणसांवर अन्याय आहे. जो नेता दोघांना एकाच काठीने हाकतो त्याच्याकडे चुकलेला येत नाही आणि लबाड मात्र निर्धास्त राहतो, कारण सगळेच लपवीत असताना त्याचेही झाकले जाते.

वाईट बातमीचा सर्वांत कठीण प्रकार आमच्या भगिनींच्या वाट्याला येतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, असे कायदा सांगतो. समितीच्या नावांचा कागद भिंतीवर असतोही. पण तक्रार करणाऱ्या मुलीची कुजबुज होणार असेल, तिचीच बदली होणार असेल, तर त्या कागदावर कोणी विश्वास ठेवणार नाही. जेथे पाचशे रुपये कमी पडल्याचे सांगावयास माणूस घाबरतो, तेथे ही गोष्ट सांगण्याचे धैर्य कोठून येणार? लहान बातमीचे दार उघडे असेल तरच मोठी बातमी त्यातून आत येते.

आता शेवटचा आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. आपल्यातील अनेकांच्या घरात कचेरीची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. आपल्या आजोबांनी साहेबाचा केवळ आवाज ऐकला, साहेबांनी त्यांचे कधी ऐकले नाही. आता आपली मुले त्या खुर्चीवर बसू लागली आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तेथे दोन मोह होतात. पहिला मोह असा की, आपल्यावर ज्यांनी हुकूम गाजविला त्यांच्याच थाटात आपण हुकूम गाजवावा. दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे लोक संशयाने पाहतात, आपली एखादी चूक सापडावी म्हणून टपलेले असतात, तेव्हा काही येत नाही असे दिसताच कामा नये, शाखेत चूक झाली असे वर कळताच कामा नये, असे त्या तरुण अधिकाऱ्याला वाटू लागते. ही भीती निराधार नाही, आम्ही ती जवळून पाहिली आहे. एकाच प्रकारची चूक एकाच्या बाबतीत ‘अनवधान’ ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याच्या जातीची आठवण काढली जाते. म्हणूनच सांगतो, लपविण्याने हा अन्याय दूर होत नाही, उलट तो करणाऱ्याच्या हाती कोलीत मिळते. चूक त्याच दिवशी, लेखी, कारणासह आणि उपायासह वर कळविणारा अधिकारी कोणालाही सहज अडकविता येत नाही.

वर कळविणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे, हे विसरू नये. खालच्यांचे ऐकणारा पण वरिष्ठांपुढे तोंड न उघडणारा साहेब अर्धाच नेता. गावातील माणसाला नको असलेली पॉलिसी त्याच्या गळ्यात मारून उद्दिष्ट पूर्ण करा, असा दबाव येतो तेव्हा हे आमच्या शाखेत शक्य नाही, हे आकड्यांसह सांगणारा अधिकारी लागतो. त्याची किंमत कधी कधी आडगावच्या बदलीने चुकवावी लागते. तशी ती चुकविलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ती गेली त्या दिवशी सफाई करणाऱ्या बाईंनीही डोळ्यांना पदर लावला होता. पदोन्नती मिळालेल्या सर्वच साहेबांच्या निरोप समारंभात तसे होत नाही.

आणि समाजबांधवांनाही एक विनंती. आपला माणूस साहेब झाला की त्याच्याकडे नियमाबाहेरच्या कामासाठी जाऊ नका. कर्जाची कागदपत्रे अपुरी असताना ‘आपलाच आहे’ म्हणून सही मागणे म्हणजे त्याच्या खुर्चीचा पाय आपणच कापणे होय. त्याने नाही म्हटले तर तो बदलला असे म्हणू नका. तो नीट काम करतो आहे, एवढेच समजा.

विद्यार्थी मित्रहो, नेता होण्यासाठी खुर्चीची वाट पाहावी लागत नाही. नव्या मुलाला न हसता काम शिकविणारा, न जुळणारा हिशेब आपण होऊन दाखविणारा, शेजाऱ्यावर खोटा ठपका येत असता ‘तसे झालेले नाही’ असे म्हणणारा कारकून त्याच्या जागी नेताच असतो. ही सवय आजपासून लावता येते. अभ्यासिकेत ज्या मित्राला गणित समजले नाही, तो ते तुमच्याजवळ न लाजता बोलू शकतो का, एवढे पाहा. बोलत असेल तर पुढच्या कामाची सुरुवात झाली असे समजावे.

 आम्ही सांगितले त्यात काही चुकीचे वाटले असल्यास आपण अवश्य सांगावे. जय भीम.